एक बेरीज आणि लाखो सायटेशन!

एकविसाव्या शतकातला सर्वाधिक सायटेशन मिळवणारा शोधनिबंध कोणता? हिग्ज बोसॉनचा? गुरुत्वीय लहरींचा? एमआरएनए लशींचा? तिन्ही उत्तरं चुकली! 'नेचर' या विज्ञान-नियतकालिकाने एप्रिल २०२५ मध्ये शतकाची यादी जाहीर केली, तेव्हा पहिल्या क्रमांकावर होता संगणकाला फोटोतली वस्तू ओळखायला शिकवणारा एक पेपर. नाव 'डीप रेसिड्युअल लर्निंग फॉर इमेज रेकग्निशन', लाडकं नाव 'रेसनेट' आणि पहिले लेखक काइमिंग ह.

एखाद्या संशोधकाने आपल्या पेपरात दुसऱ्याच्या कामाचा दाखला दिला, की त्या कामाच्या खात्यात एक सायटेशन जमा होतं. गूगल स्कॉलरवर काइमिंग यांच्या खात्याने पाच लाखांचा टप्पा केव्हाच ओलांडलाय. हे खातं इतकं भरलं कसं? त्यांचे पेपर एकेक करून पाहिले की कारण लख्ख दिसतं. कल्पना सोपी, आणि जगात कुणालाही उचलून वापरता येईल अशी!

१. पैकीच्या पैकी

दक्षिण चीनमधलं ग्वांगझौ हे काइमिंग यांचं शहर. २००३ साली ग्वांगदोंग प्रांतातल्या 'गाओखाओ'त, म्हणजे तिथल्या कॉलेज-प्रवेश परीक्षेत, त्यांना ९०० पैकी ९०० गुण मिळाले. पुढे बीजिंगच्या त्सिंगहुआ विद्यापीठातून २००७ मध्ये पदवी, हाँगकाँगच्या चायनीज युनिव्हर्सिटीतून २०११ मध्ये पीएच.डी., मग मायक्रोसॉफ्टची बीजिंगमधली प्रयोगशाळा, २०१६ पासून फेसबुकची एआय प्रयोगशाळा आणि २०२४ पासून अमेरिकेत एमआयटीमध्ये अध्यापन.

२. पदार्पणातच शतक

'सीव्हीपीआर' ही कॉम्प्युटर व्हिजनवाल्यांची सर्वांत मानाची परिषद. २००९ साली तिथे सर्वोत्कृष्ट पेपरचा मान मिळाला तो फोटोतलं धुकं हटवणाऱ्या एका पेपरला. लेखक काइमिंग, ज्यान सुन आणि श्याओऊ तांग. तांग हे त्यांचे पीएच.डी.चे मार्गदर्शक, तर सुन मायक्रोसॉफ्टमधले वरिष्ठ सहकारी. आणि काइमिंग? अजून पीएच.डी.चे विद्यार्थी! संशोधक म्हणून लिहिलेल्या पहिल्याच पेपरने त्यांना हा मान मिळवून दिला.

३. धुकं मोजायचं तर काळोख शोधा

त्या पेपरातली युक्ती ऐकाच. उघड्यावर काढलेला, धुकं नसलेला कुठलाही फोटो घ्या. त्यातला आकाश सोडून एखादा लहानसा चौकोन निवडा. त्या चौकोनात लाल, हिरवा, निळा यांपैकी निदान एका रंगाची किंमत कुठेतरी शून्याजवळ बहुतेक वेळा सापडतेच. सावली असते, गडद दगड असतो किंवा गर्द रंगाचं पान-फूल असतं. काइमिंग आणि सहकाऱ्यांनी असे ५,००० फोटो तपासले. प्रत्येक चौकोनातली सर्वांत कमी किंमत नोंदवली, तर सुमारे ७५ टक्के ठिकाणी ती चक्क शून्य भरली!

आता धुकं आलं. धुकं पांढुरकं, म्हणून ते या काळोख्या जागा उजळवतं. काळोख जितका उजळला, तितकं धुकं दाट. मोजा, वजा करा, झालं! या पेपरात त्यांनी ना न्यूरल नेटवर्क (उदाहरणांवरून शिकणारं गणिती जाळं) शिकवलं, ना महागडं यंत्र वापरलं. निरीक्षण एकच, पण नेमकं. त्याची मर्यादाही त्यांनी तिथेच लिहून ठेवली : धुक्यासारख्याच रंगाचा पांढरा संगमरवर समोर असेल आणि त्यावर सावलीही नसेल, तर ही युक्ती फसते.

४. माणसाची चूक ५.१ टक्के, यंत्राची ४.९४

आता उडी थेट २०१५ मध्ये. त्या काळात सगळ्यांचं लक्ष असायचं फोटोतल्या वस्तू ओळखण्याच्या 'इमेजनेट' स्पर्धेकडे. प्रशिक्षणासाठी सुमारे १२ लाख ८० हजार फोटो, वस्तूंचे प्रकार १,०००. यंत्राने प्रत्येक फोटोसाठी पाच उत्तरं द्यायची आणि खरं उत्तर त्या पाचांत नसेल तर ती चूक धरायची.

माणूस या परीक्षेत किती गुण मिळवतो? आंद्रे कार्पथी या संशोधकाने स्वतःच परीक्षा द्यायचं ठरवलं. आधी ५०० फोटोंवर सराव केला, मग १,५०० फोटोंना उत्तरं दिली आणि चूक निघाली ५.१ टक्के. या १,००० प्रकारांत शंभरावर नुसत्या कुत्र्यांच्या जाती आहेत. टेरियरच्या दोन जातींतला फरक सांगताना भलेभले अडखळतात!

फेब्रुवारी २०१५ मध्ये काइमिंग आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी ४.९४ टक्क्यांचा आकडा जाहीर केला. या परीक्षेत माणसाच्या आकड्याला मागे टाकल्याचं प्रसिद्ध झालेलं हे पहिलं काम. त्याच पेपरात त्यांनी एक गोष्ट स्पष्ट लिहिली : याचा अर्थ यंत्राची नजर माणसापेक्षा सरस झाली, असा मुळीच नाही. गाजावाजा सहज करता आला असता अशा वेळी दाखवलेला हा संयम मला मोठा वाटतो.

५. एका लायब्ररीत नाव, दुसरीत आडनाव

त्याच पेपरात आणखी एक देणगी होती. न्यूरल नेटवर्क शिकायला बसवण्याआधी त्यातल्या लाखो आकड्यांना काहीतरी सुरुवातीच्या किमती द्याव्या लागतात. त्या फार मोठ्या असल्या तर गणित भडकतं, फार लहान असल्या तर ते विझतं. काइमिंग यांच्या चमूने या किमती निवडण्याचं एक छोटंसं सूत्र दिलं.

आज हे सूत्र प्रोग्रामरच्या रोजच्या हातातलं आहे. 'पायटॉर्च' या तयार प्रोग्रामांच्या लायब्ररीत त्याच्या फंक्शनचं नाव 'काइमिंग नॉर्मल', तर 'केरास'मध्ये 'ह नॉर्मल'. एकीने नाव घेतलं, दुसरीने आडनाव! पुण्या-मुंबईत मशीन लर्निंग शिकणारी मुलं पेपर न वाचताही या माणसाचं नाव रोज टाइप करत असतात.

६. थर वाढवले, चुकाही वाढल्या!

न्यूरल नेटवर्क थराथरांनी बनतं. पहिले थर कडा ओळखतात, मधले आकार, वरचे अख्ख्या वस्तू. २०१२ मध्ये गाजलेल्या 'अॅलेक्सनेट'चे थर होते ८. २०१४ मध्ये 'व्हीजीजी' १९ थरांपर्यंत गेलं आणि 'गूगलेनेट' २२ पर्यंत. म्हणजे थर वाढवत राहायचं आणि जिंकत राहायचं?

तसं झालं नाही. काइमिंग यांच्या चमूने २० थरांचं आणि ५६ थरांचं अशी दोन साधी नेटवर्कं शेजारी ठेवून शिकवली. ५६ थरांचं नेटवर्क जास्त चुकलं! तेही नव्या फोटोंवर नव्हे, ज्या फोटोंवर शिकलं त्याच फोटोंवर. म्हणजे घोकंपट्टी केली आणि परीक्षेत अडलं, असा हा प्रकार नव्हता. त्याला घोकंपट्टीसुद्धा नीट जमत नव्हती.

हे विचित्र होतं. कारण ५६ थरांच्या नेटवर्कने २० थरांचं काम जसंच्या तसं करून उरलेल्या ३६ थरांत काहीच केलं नसतं, तरी बरोबरी व्हायला हवी होती. पण 'काहीच न करणं' हेच त्या थरांना शिकता येत नव्हतं!

७. लाल शाईची युक्ती

आणि इथे ती बेरीज आली. शिक्षक विद्यार्थ्याचा निबंध तपासताना तो नव्याने लिहून काढत नाहीत, लाल शाईने फक्त दुरुस्त्या करतात. निबंध चांगला असेल तर पान तसंच पुढे जातं. रेसनेटमध्ये नेमकं हेच केलं. थरांच्या प्रत्येक छोट्या गटाला सांगितलं : आलेली माहिती तशीच पुढे जाणार आहे, तुम्ही फक्त दुरुस्ती शिका आणि ती तिच्यात मिळवा.

गणितात लिहायचं तर आत आलेला 'एक्स' बाहेर पडताना 'एक्स अधिक दुरुस्ती' होतो. काहीच करायचं नसेल तर दुरुस्ती शून्य, आणि शून्य शिकणं सोपं. एक आडवाट, एक बेरीज. नेटवर्कला शिकायला त्यासाठी एकही नवा आकडा लागत नाही. प्रोग्राममध्ये ही भर एका ओळीत बसते!

८. १५२ थर आणि पाच पहिले नंबर

निकाल? ३.५७ टक्के! १५२ थरांपर्यंतच्या अनेक रेसनेटची एकत्र मोट बांधून मिळालेल्या या आकड्याने २०१५ ची इमेजनेट स्पर्धा जिंकली. १५२ थर म्हणजे व्हीजीजीच्या आठपट. तरी गणिताचा भार कमीच : एका फोटोसाठी १९ थरांच्या व्हीजीजीला सुमारे १९.६ अब्ज क्रिया लागायच्या, १५२ थरांच्या रेसनेटला ११.३ अब्ज.

विजय एवढ्यावर थांबला नाही. इमेजनेटमध्ये वस्तू ओळखणं, वस्तूची जागा सांगणं आणि फोटोतल्या सगळ्या वस्तू शोधणं, तर 'कोको' या दुसऱ्या स्पर्धेत वस्तू शोधणं आणि त्यांची रूपरेषा आखणं, अशा पाच शर्यतींत पहिला क्रमांक एकाच चमूचा. २०१६ मध्ये लास वेगासला सीव्हीपीआर भरली आणि सर्वोत्कृष्ट पेपरचा मान काइमिंग यांच्याकडे दुसऱ्यांदा आला.

९. १,२०२ थरांचा प्रयोगही सांगितला

१५२ चाललं, तर हजार का नको? त्यांनी लहान फोटोंच्या संचावर १,२०२ थरांचं नेटवर्कही शिकवून पाहिलं. शिकलं व्यवस्थित, पण नव्या फोटोंवर चूक ७.९३ टक्के. तिथेच ११० थरांचं नेटवर्क ६.४३ टक्क्यांवर होतं. म्हणजे दहापटींहून जास्त थर आणि निकाल खालचा. जिंकलेल्या पेपरात हा आकडा गाळता आला असता. त्यांनी तो छापला आणि एवढ्या लहान संचासाठी हे नेटवर्क वाजवीपेक्षा मोठं असावं, असं कारणही दिलं. पुढे हजारो संशोधकांनी या पेपरावर भरवसा ठेवला, त्यामागे अशी पारदर्शक नोंद आहे.

१०. ४७ सेकंदांवरून सेकंदाच्या पाचव्या हिश्श्यावर

फोटोत मांजर आहे, हे सांगणं एक. मांजर कुठे आहे, कुत्रा कुठे आहे आणि सायकल कुठे, हे चौकटी आखून दाखवणं वेगळं. 'आर-सीएनएन' नावाची पद्धत मोठं नेटवर्क वापरून हे करायची, तेव्हा एका फोटोला ४७ सेकंद लागायचे. मग 'फास्ट आर-सीएनएन' आली. तिने नेटवर्कचं काम झपाट्याने उरकलं, पण वस्तू असू शकेल अशा जागा सुचवण्याचं काम बाहेरच्या प्रोग्रामकडे होतं आणि त्यालाच दोनेक सेकंद लागायचे.

२०१५ मध्ये शाओछिंग रेन, काइमिंग, रॉस गिर्शिक आणि ज्यान सुन यांनी 'फास्टर आर-सीएनएन' आणली. जागा सुचवण्याचं कामही नेटवर्ककडेच सोपवलं आणि त्यासाठी लागणारा वेळ एका सेकंदाच्या शंभराव्या भागावर आला! एका फोटोचं सगळं काम सुमारे ०.२ सेकंदात. दहा वर्षांनी, २०२५ मध्ये, 'न्यूरिप्स' परिषदेने काळाच्या कसोटीला उतरलेला पेपर म्हणून याच कामाचा सन्मान केला.

११. व्हेनिसमध्ये दुहेरी मुकुट

ऑक्टोबर २०१७. 'आयसीसीव्ही' ही दुसरी मोठी परिषद इटलीत व्हेनिसला भरली होती. सर्वोत्कृष्ट पेपरचं मार पारितोषिक 'मास्क आर-सीएनएन'ला मिळालं. हे नेटवर्क वस्तूभोवती चौकट आखून थांबत नाही, वस्तूचा नेमका आकार पिक्सेल-पिक्सेलने रंगवून दाखवतं. विद्यार्थ्यांच्या सर्वोत्कृष्ट पेपरचा मान 'फोकल लॉस'ला मिळाला. पहिल्याचे पहिले लेखक काइमिंग, दुसऱ्याचे सहलेखकही काइमिंग!

मास्क आर-सीएनएनमधली एक बारीक गोष्ट कुणालाही पटेल अशी आहे. आधीच्या पद्धतीत वस्तूची जागा मोजताना अपूर्णांक आला की तो पूर्णांकात बसवून टाकायचे. चौकट आखायला तेवढं चालायचं, पण आकार रंगवताना कडा सरकायच्या. यांनी अपूर्णांक तसेच ठेवले. एवढ्या बदलाने आकाराची अचूकता १० ते ५० टक्क्यांनी सुधारली.

१२. इमेजनेट, एका तासात

२०१७ मध्येच प्रिया गोयल पहिल्या लेखिका असलेला एक पेपर आला. काइमिंग सहलेखक होते. ५० थरांच्या रेसनेटला अख्खं इमेजनेट शिकवायला तेव्हा एरवी कितीतरी जास्त वेळ लागायचा. या चमूने २५६ जीपीयू (वेगवान गणिती चिप) एकत्र जोडले, एका वेळी ८,१९२ फोटो दाखवले आणि काम एका तासात संपवलं. अचूकता तेवढीच. यातलंही मुख्य सूत्र एका वाक्याचं : फोटोंचा गठ्ठा जितक्या पटीने मोठा, शिकण्याचं पाऊलही तितक्याच पटीने मोठं. सुरुवात मात्र हळू करायची.

१३. तीन चतुर्थांश फोटो झाका

फोटोंना नावं देण्याचं काम माणसांना करावं लागतं आणि ते फार वेळखाऊ आहे. मग नावं नसलेल्या फोटोंवरून यंत्राला शिकवता येईल? २०२१ च्या अखेरीस आलेल्या एका पेपरात काइमिंग आणि सहकाऱ्यांनी फोटोचे चौकोनी तुकडे केले, त्यातले ७५ टक्के झाकले आणि नेटवर्कला सांगितलं, उरलेल्यांवरून चित्र पूर्ण कर.

इतकं का झाकायचं? कारण चित्रात शेजारचे तुकडे एकमेकांसारखे असतात. थोडंच झाकलं तर यंत्र शेजारचा रंग ओढून वेळ मारून नेतं. तीन चतुर्थांश झाकलं की समोर बस आहे की बकरी, हे समजून घ्यावंच लागतं. शिवाय मुख्य नेटवर्कला फक्त उघडे २५ टक्के तुकडेच पाहायचे असल्याने कामही झपाट्याने होतं.

१४. एक बेरीज, तीन मोठी घरं

ती आडवाट आणि बेरीज फोटोंच्या जगात थांबली नाही.

'गो' या बैठ्या खेळाचा पट : माणसांचे डाव न बघता, स्वतःशीच खेळून शिकलेल्या 'अल्फागो झीरो'च्या नेटवर्कमध्ये २०१७ साली रेसनेटचीच घडण होती. गोपटू ली सेडॉल यांना हरवलेल्या आधीच्या आवृत्तीला तिने १००-० ने हरवलं.

प्रथिनं : प्रथिनांचा आकार वर्तवणाऱ्या पहिल्या 'अल्फाफोल्ड'मध्ये अशा बेरजेचे २२० ठोकळे होते.

भाषा : आजच्या चॅटबॉटचा पाया असलेलं 'ट्रान्सफॉर्मर' २०१७ मध्ये आलं. त्याच्या प्रत्येक थरात हीच बेरीज आहे आणि त्या पेपरात रेसनेटचा दाखलाही दिलाय. त्या पेपरच्या आठ लेखकांत निकी परमार आहेत. त्यांचं इंजिनीअरिंगचं शिक्षण पुण्याच्या पीआयसीटीत झालं. चॅटबॉट मराठीत उत्तर देतो, तेव्हा त्या उत्तरामागेही ही बेरीज पुन्हा पुन्हा होत असते.

१५. एकच पेपर, आकडे वेगवेगळे

रेसनेटला नेमकी किती सायटेशन? 'नेचर'ने पाच वेगवेगळ्या माहितीसाठ्यांत शोध घेतला. एका ठिकाणी आकडा एक लाखाच्या थोडा वर, तर दुसरीकडे अडीच लाखांच्याही पुढे! कारण सरळ आहे. कुणी फक्त निवडक नियतकालिकं मोजतो. कुणी परिषदांचे पेपर, प्रबंध, पुस्तकं आणि छापण्याआधीचे मसुदेही मोजतो. कॉम्प्युटर व्हिजनमध्ये तर महत्त्वाचं बहुतेक काम परिषदांतच येतं. २०२४ च्या गूगल स्कॉलरच्या नियतकालिकं आणि परिषदांच्या क्रमवारीत 'नेचर'च्या पाठोपाठ दुसरा क्रमांक होता सीव्हीपीआरचा. म्हणून कुणी सायटेशनचा आकडा सांगितला, की तो कुठून घेतला हेही विचारायला हवं.

१६. एच-इंडेक्सला फरक पडत नाही

संशोधकाचा भाव ठरवणारा आणखी एक आकडा म्हणजे एच-इंडेक्स. २००५ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज हिर्श यांनी तो सुचवला. तुमच्या ५० पेपरांना प्रत्येकी निदान ५० सायटेशन असतील आणि ५१ पेपरांना प्रत्येकी ५१ नसतील, तर एच-इंडेक्स ५०. आता गंमत बघा. एखाद्याने आयुष्यात एकच पेपर लिहिला आणि त्याला अडीच लाख सायटेशन मिळाली, तर त्याचा एच-इंडेक्स किती? फक्त १! मोजक्या पण जग बदलणाऱ्या पेपरांना हा आकडा न्याय देत नाही. नेमणुका आणि बढत्या ठरवणाऱ्या समित्यांनी हे उदाहरण जरूर लक्षात ठेवावं.

१७. अवजारांची चलती

'नेचर'च्या यादीत वरच्या जागा कुणाकडे आहेत? दुसऱ्या क्रमांकावर जनुकांच्या चाचणीतले आकडे तपासण्याची २००१ ची पद्धत. पहिल्या दहांत मुलाखतींसारख्या माहितीचं विश्लेषण कसं करावं हे सांगणारा २००६ चा पेपर, 'रँडम फॉरेस्ट' हे २००१ चं अल्गोरिदम आणि स्फटिकांची रचना उलगडणारं सॉफ्टवेअर. सर्वकालीन विक्रम १९५१ च्या ज्या पेपराकडे आहे, तोही द्रावणातलं प्रथिन मोजण्याची रीत सांगतो. त्याची सायटेशन तीन लाखांहून जास्त.

सगळी अवजारं! मोठ्या शोधाचं आपण कौतुक करतो, पण दाखला देतो तो आपण वापरलेल्या पद्धतीचा. रेसनेट पहिला आला, कारण पीक, एक्स-रे, उपग्रहचित्र आणि रस्त्यावरची वाहनं अशा कुठल्याही चित्राच्या कामाला ते लावता येतं.

१८. दाखला न देता वापर

समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी एक निरीक्षण नोंदवलंय. एखादी कल्पना पुरेशी रुळली, की लोक तिचा दाखला द्यायचंच सोडून देतात. आज प्रत्येक मोठ्या भाषा-मॉडेलमध्ये ती बेरीज असते, पण ती कुठून आली हे प्रत्येक जण लिहीत नाही. म्हणजे अडीच लाखांचा आकडाही प्रत्यक्ष वापरापेक्षा कमीच!

१९. श्रेय चौघांचं, आणि आधीच्यांचंही

रेसनेटच्या पेपरावर चार नावं आहेत : काइमिंग ह, श्यांग्यू झांग, शाओछिंग रेन आणि ज्यान सुन. २०२३ चं चीनचं 'फ्युचर सायन्स प्राइझ' या चौघांना मिळून देण्यात आलं. सुन यांचं जून २०२२ मध्ये निधन झालं होतं, म्हणून त्यांचा सन्मान मरणोत्तर होता. धुक्याच्या पहिल्या पेपरापासून रेसनेटपर्यंत तेच काइमिंग यांच्या सोबत होते.

आणखी एक नाव घ्यायलाच हवं. रेसनेटच्या काही महिने आधी, मे २०१५ मध्ये, रूपेशकुमार श्रीवास्तव, क्लाउस ग्रेफ आणि युर्गेन श्मिडहुबर यांनी 'हायवे नेटवर्क' मांडलं. माहितीला आडवाट देण्याची कल्पना त्यातही होती. फक्त त्या वाटेवर फाटकं होती आणि ती कधी उघडायची, कधी लावायची, हे नेटवर्कला शिकावं लागायचं. रेसनेटने फाटकं काढून टाकली आणि वाट कायमची मोकळी ठेवली. रेसनेटच्या पेपरात या कामाचा उल्लेख रीतसर केलाय. चांगलं विज्ञान असंच पुढे जातं.

आता पेपर उघडाच!

धुक्यासाठी एक वजाबाकी. खोल नेटवर्कसाठी एक बेरीज. कडा सरकू नयेत म्हणून न छाटलेला अपूर्णांक. एवढ्या छोट्या गोष्टींवर लाखो सायटेशन उभी आहेत. त्या सोप्या आहेत म्हणून क्षुल्लक नाहीत. नेमका अडथळा कुठे आहे हे आधी कळावं लागतं, मगच इतकं सोपं उत्तर सापडतं. शिवाय त्यांनी शिकवून तयार केलेली नेटवर्कं जगासाठी खुली केली, म्हणून ती गरीब-श्रीमंत सगळ्या प्रयोगशाळांत पोचली.

विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो, रेसनेटचा पेपर 'आर्काइव्ह'वर मोफत मिळतो. क्रमांक १५१२.०३३८५. पहिले चार आकडे म्हणजे २०१५ चा बारावा महिना. पानं फक्त बारा. पहिली आकृती २० आणि ५६ थरांचं कोडं दाखवते, दुसरी त्याचं उत्तर. बारावीच्या गणितावर ही दोन्ही समजतात. सायटेशनचे आकडे मोजत बसण्यापेक्षा हा पेपर एकदा वाचा, आणि आपल्या कामात नेमका अडथळा कुठे आहे ते शोधायला लागा.